दिवाळींतील आवाज व घरचा कुत्रा

आश्विनाचा कृष्णपक्ष सरूं लागला म्हणजे अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंत अंगणें सारवलीं जातात, आकाशकंदील चढतात, आणि आमच्या विद्यार्थिमित्रांचें सारें लक्ष फटाक्यांकडे लागतें. याच दिवसांत पडवींतला कुत्रा अन्न टाकतो, थरथर कांपतो, लाळ गाळतो व पलंगाखालीं दडून बसतो. त्यास कोणी भित्रा म्हणतात. कोणी हट्टी समजून काठीहि उगारतात. आमच्या मतें हा त्याजवर अन्याय होय.

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडील ध्वनि ऐकूं येत नाहीं. कुत्र्यास सुमारें ४५,००० कंपनांपर्यंतचा येतो. शिवाय वात आपण पेटवितों, म्हणून आवाज होणार हें आपणांस ठाऊक असतें. त्याला मात्र तो कोठून आला व पुढचा केव्हां येईल, यांतलें कांहींच कळत नाहीं.

भ्यालेला कुत्रा पळण्यापलीकडे दुसरा विचार करीत नाहीं. तो गडगा ओलांडून वाडींतून रस्त्यावर जातो, मोटारीखालीं सांपडतो किंवा परक्या गांवांत वाट चुकतो. सांखळीनें बांधावें, तर झटापटींत गळ्यास फांस बसण्याचें भय. तेव्हां मोकळें अंगणहि नको आणि सांखळीहि नको. दिवस मावळण्यापूर्वीं त्यास फिरवून आणावें व रस्त्यापासून दूर अशा आंतल्या खोलींत, त्याच्या नेहमींच्या गोणपाटावर, पाणी ठेवून, दारें-खिडक्या लावून ठेवावें. नरकचतुर्दशीस फटाके पहांटेसच सुरू होतात. म्हणून ही व्यवस्था आदल्या रात्रींपासूनच हवी. नेमकें हेंच पुष्कळ घरीं विसरतें. घरांतील कोणी जवळ बसल्यास उत्तम. कुरवाळल्यानें भीति वाढते अशी एक समजूत आहे. तिच्यांत तथ्य नाहीं. गळपट्ट्यावर घरचा दूरध्वनि क्रमांक लिहावा. भय फारच असेल तर आठ-पंधरा दिवस आधीं गुरांच्या दवाखान्यांत विचारावें. माणसांच्या झोपेच्या गोळ्या कदापि देऊं नयेत.

फराळाचेंहि तसेंच. बेदाणे व मनुका यांनीं कुत्र्याचे मूत्रपिंड बिघडूं शकतात. चॉकोलेटांतील थिओब्रोमीन त्याच्या शरीरांतून लवकर बाहेर पडत नाहीं व विषासारखें बाधतें. नाताळांत शिजलेल्या कोंबडीचीं हाडें घालूं नयेत. तीं टोंकदार फुटून आंतड्यांस इजा करितात. ३१ डिसेंबरच्या रात्रीं अलिबाग, काशीद, मुरूड येथें पाहुण्यांची गर्दी व शोभेची दारू पुन्हां असतेच. त्या रात्रींहि आंतली खोलीच बरी.

कांहीं मुलें गल्लींतल्या कुत्र्याच्या शेंपटीस फटाक्यांची माळ बांधतात व त्यास मौज म्हणतात. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास त्यांत दंड अवघा १० ते ५० रुपये लिहिला आहे, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें. परंतु भाजलेल्या जनावराच्या वेदना त्या रकमेनें मोजावयाच्या नाहींत.

भेदरलेला कुत्रा, मग तो घरचा कां असेना, चावूंहि शकतो. तसें झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद-चुना कांहीं लावूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घ्यावी. रागावतील या भीतीनें मुलें असा चावा लपवितात; पालकांनीं तो सांगणाऱ्यावर रागावूं नये.