छताची भेग काय सांगते?

ऊन, वारा आणि पाऊस यांपासून आपले रक्षण करणारा घराचा महत्त्वाचा भाग म्हणजे छत. भिंतीला भेग पडली तर ती सहज नजरेस येते. छताकडे मात्र मान वर करून सहसा कोणी पाहत नाही. एखाद्या दिवशी गिलाव्याचा पोपडा जेवणाच्या ताटात पडतो आणि मग घरातल्या सर्वांचे डोळे वर वळतात. सण जवळ आलेला असतो. घाईघाईने भेगेवर लांबी भरली जाते, वर रंगाचा हात फिरतो आणि घर पुन्हा नवे दिसू लागते. पुढच्या पावसाळ्यात तीच भेग त्याच जागी पुन्हा उमटते. ताप हे जसे आजाराचे लक्षण, तशी भेग हे छतातील बिघाडाचे लक्षण असते. मूळ बिघाड न शोधता लक्षण झाकले, तर बिघाड आतल्या आत वाढत राहतो.

दोन प्रकारची छते

ही गोष्ट समजून घेण्यासाठी राजस्थानच्या राजधानीचे, जयपूरचे उदाहरण उपयोगी पडते. सवाई जयसिंह यांनी १७२७ साली हे शहर वसवले. त्याच्या आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. तटबंदीच्या आतील या जुन्या शहराला युनेस्कोने २०१९ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेथील अनेक जुन्या घरांची छते दगडी पट्ट्यांची आहेत. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लांब फरश्या टाकायच्या, सांधे चुन्याने भरायचे आणि वर चुन्याचा थर द्यायचा, अशी ही रीत. तटाबाहेरच्या नव्या वसाहतींत मात्र सिमेंट, वाळू, खडी आणि लोखंडी सळया यांचा स्लॅब सर्वत्र दिसतो.

दोन्ही छतांवर भार पडला की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. दगड दाब चांगला सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही. म्हणून दगडी पट्टीला मध्यभागी आडवा तडा गेला, तर तिला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. ती अचानक कोसळू शकते. स्लॅबमध्ये खालच्या बाजूला सळया असतात व त्या ताण सोसतात. म्हणून चांगला स्लॅब पडण्यापूर्वी वाकून, तडकून सूचना देतो. ही सूचना वेळीच वाचता आली, तर जीव वाचतात.

भेगा का पडतात?

पहिले कारण उष्णता. उन्हाळ्यात जयपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, तर हिवाळ्याच्या रात्री कडाक्याची थंडी पडते. काँक्रीट तापले की प्रसरण पावते आणि थंड झाले की आकुंचन पावते. दहा मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान ३० अंशांनी वाढले, तर त्याची लांबी सुमारे तीन मिलिमीटरने वाढते. भिंत मात्र तेवढी सरकत नाही. त्यामुळे छत आणि भिंत जेथे मिळतात, तेथे आडवी भेग दिसू लागते.

दुसरे कारण बांधकामाच्या वेळची घाई. ओल्या काँक्रीटला घट्ट होण्यासाठी पाणी लागते. उष्ण व कोरड्या हवेत ते पाणी लवकर उडून जाते, पृष्ठभाग आकसतो आणि केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते. भारतीय मानक ४५६ (सन २०००) नुसार अशा हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवणे आवश्यक आहे.

तिसरे आणि सर्वांत घातक कारण म्हणजे पाणी. गच्चीचा उतार बिघडला किंवा पन्हळ तुंबली की पावसाचे पाणी साचते व झिरपत सळयांपर्यंत पोहोचते. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आतून काँक्रीटला ढकलतो. मग सळईच्या रेषेत भेग उमटते, तपकिरी डाग येतात आणि अखेर काँक्रीटचा थर सुटून पडतो. बांधकामात खारे पाणी वापरले असेल, तर गंज अधिक लवकर चढतो.

याखेरीज गच्चीवर मोठी टाकी बसवणे, विचार न करता वरचा मजला चढवणे किंवा खालची आधाराची भिंत पाडणे, यांमुळेही छत तडकते. भूकंपाचे हादरेही कारण ठरू शकतात. २१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरला असे लागोपाठ धक्के बसले होते. अशा घटनेनंतर प्रत्येकाने आपल्या घराचे छत नीट पाहणे इष्ट असते.

भेगेची पाहणी

भेग दिसताच प्रथम तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. भेगेवर आडवी, काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवावी. काही आठवड्यांत काच तडकली, तर भेग अजून वाढत आहे असे समजावे. मग गच्चीवर जाऊन त्याच जागेच्या वर पाणी साचते का, ते पाहावे. गिलाव्यावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकावे. पोकळ आवाज आला, तर गिलावा सुटलेला आहे. ठोकताना थेट त्या जागेखाली उभे राहू नये.

दुरुस्ती

केवळ गिलाव्यात असलेली, न वाढणारी बारीक भेग घरच्या घरी बुजवता येते. ती पत्र्याच्या पट्टीने किंचित रुंद करून धूळ झटकावी, लवचीक भरणद्रव्य भरावे, त्यावर जाळीची पट्टी लावावी व सुकल्यावर रंग द्यावा. ओल असल्यास आधी गच्चीचा उतार, कोबा आणि पन्हळ दुरुस्त करावी. छत पूर्ण सुकल्यावरच खालच्या बाजूस हात लावावा. गच्चीला पांढरा चुना दिल्यास ऊन परावर्तित होते व स्लॅब कमी तापतो. चुन्याच्या जुन्या बांधकामात शक्यतो चुनाच वापरावा. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. त्यावर सिमेंटचा कडक थर दिल्यास ती आत कोंडली जाते.

काही लक्षणे दिसताच मात्र घरगुती उपाय थांबवावेत. छत मध्यभागी झुकणे, सळया उघड्या पडणे, दगडी पट्टीला आडवा तडा जाणे, भेग दिवसागणिक रुंदावणे, दारे-खिडक्या अकस्मात अडकू लागणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी ती खोली तत्काळ रिकामी करावी, वरचा भार उतरवावा आणि जाणकाराकडून टेकू लावून घ्यावेत. पुढचा निर्णय बांधकाम अभियंत्यावर सोपवावा. घर भाड्याचे असल्यास घरमालकाला लेखी कळवून त्या पत्राची प्रत जवळ ठेवावी.

दुरुस्तीचा खर्च अनेक कुटुंबांना जड वाटतो आणि म्हणून ती पुढे ढकलली जाते. परंतु गच्चीची पन्हळ साफ करण्यास पैसा फारसा लागत नाही. गंजलेली सळई बदलण्यास मात्र पुष्कळ लागतो. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, वर्षातून दोन वेळा छताकडे लक्षपूर्वक पाहण्याची सवय ठेवली, तर मोठा खर्च टळतो आणि त्या छताखाली झोपणारी माणसे सुरक्षित राहतात.