हर्णैचा चारचा लिलाव

दुपार कलली आहे, पण पुळणीवर सावली कुठेच नाही. ऑक्टोबरचं ऊन ओल्या वाळूवर आपटून पुन्हा तोंडावर येतं. वारा पडलेला. दापोलीकडून उतरलेला रस्ता मागे राहतो आणि वास सुरू होतो. सुकत घातलेल्या जवळ्याचा, डिझेलचा, मासळीच्या पाण्याचा. समोर समुद्रात सुवर्णदुर्गाचा काळा तट आणि अलीकडे नांगरलेल्या बोटी. डोलकाठ्यांवर भगवे, हिरवे बावटे. सगळे खाली लोंबकळलेले.

बायका आधीच येऊन बसल्या आहेत. कुणी पालथ्या क्रेटवर, कुणी टोपलीच्या कडेवर. डोक्यावर पदर, पदरावर टॉवेल. मधेच एकीचा फोन वाजतो. बोट रेंजमध्ये आली की खलाशी पहिला फोन किनाऱ्यावर करतो. ‘‘काय गावलं?’’ ती विचारते. आजूबाजूच्या चार जणी बोलायच्या थांबतात. ‘‘बांगडा हाय. म्हाकूल थोडा.’’ पुन्हा सगळ्या समुद्राकडे बघत बसतात.

काही बोटी पहाटे अंधारात निघून आज परततायत. मोठे ट्रॉलर चार-पाच दिवस बाहेर असतात, पोटातल्या खणात बर्फ भरून. पण हर्णैचा किनारा उथळ. मोठी बोट वाळूपर्यंत येऊ शकत नाही. मासळी आधी छोट्या होडीत उतरते. होडी कमरेएवढ्या पाण्यात येऊन थांबते. तिथून पुढे बैलगाडी.

मी पाण्याच्या कडेने चालत जातो. गाडीवान बैलांना थेट लाटेत घालतो. पाणी गुडघ्याला, मग पोटाला. लाट आली की बैल मान वर धरतात आणि पाय रोवून उभे राहतात. होडीतली माणसं क्रेट उचलून गाडीवर टाकतात. माल चढला की गाडीवान नुसती जीभ टाळूला लावून आवाज काढतो. बैल वळतात. ओल्या वाळूत चाकं रुततात, दोघे मागून खांदा लावतात, गाडी निघते. या किनाऱ्यावर मी सर्वांत जास्त वेळ इथेच उभा राहतो. दिवसभर खाऱ्या पाण्यात जाऊन येणाऱ्या त्या जनावरांवरून नजर हटत नाही.

ओहोटी वाढते तशी ही वाट लांबत जाते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, लिलावाची वेळ मात्र सकाळ-संध्याकाळ ठरलेली. त्यामुळे एखाद्या दिवशी होडी जवळ लागते, एखाद्या दिवशी निम्मी पुळण तुडवावी लागते.

चारच्या सुमाराला पहिला ढीग वाळूवर पडतो. क्षणात माणसांचं कडं होतं. मीही त्यात घुसतो. चंदेरी बांगडे, पाठीवर निळसर-हिरव्या रेघा. कोळंबीची पाटी. एक सुरमई वेगळी काढून ठेवलेली. बोली सुरू होते. ‘‘आठशे, आठशे, नऊशे, नऊशे...’’ कुणी हात वर करत नाही. कुणी भुवई उडवतं, कुणी नुसती हनुवटी हलवतं. बोलणाऱ्याला तेवढं पुरतं. ढीग गेला. वहीत नाव चढतं, पैसे मागाहून. रात्रभर ओढलेल्या जाळ्याची किंमत ठरायला चहाचा कप रिकामा होण्याइतकाही वेळ लागत नाही.

सगळाच माल बोलीवर येत नाही. ज्या मालकानं डिझेल-जाळ्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्याचे क्रेट कड्याला वळसा घालून सरळ टेम्पोकडे जातात.

शेजारच्या ढिगात पापलेटं आहेत. तळहातातही सहज मावतील एवढी. 2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. ही पिल्लं अजून एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेली. बघून पोटात कालवतं. बोली याही ढिगावर लागते, भराभर, आणि कडं पुढे सरकतं.

वर, सुक्या वाळूवर, एक म्हातारे तांडेल फाटलं जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून शिवत बसले आहेत. मी शेजारी टेकतो. 1 जून ते 31 जुलै, बंदीचे 61 दिवस, हीच सुई हातात असते म्हणतात. मासळी अंड्यावर येते, दर्याही खवळलेला असतो, बंदी हवीच, असंही म्हणतात. मग सुईनंच समुद्राकडे बोट केल्यासारखं दाखवतात. ‘‘रात्री तिकडं उजेड दिसतो. शहरासारखा.’’ एलईडी दिव्यांवर मासळी गोळा करून मारायला 2017 पासून देशभर बंदी आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, राज्याची हद्द. त्यांची छोटी बोट तेवढ्यातच फिरते. ‘‘लहानमोठं सगळं तिकडंच उचललं, तर आमच्यापर्यंत काय येणार?’’ गाठ मारतात, दोरा दातानं तोडतात.

रस्त्याच्या कडेला बर्फ फोडायचं यंत्र खडखडतं आहे. लादी आत, चुरा बाहेर. किलोला किलो बर्फ, तरच 200 किलोमीटरहून लांबच्या मुंबईपर्यंत माल ताजा राहील. फावड्यानं एक थर बर्फ, एक थर मासळी. भरणाऱ्या पोरांची बोटं पांढरी पडून सुरकुतली आहेत. पाठीवर मात्र घामाचे ओघळ. ज्या बैलगाड्यांतून मासळी आली, त्यांतूनच आता बर्फ, डिझेलचे कॅन आणि पिण्याचं पाणी बोटींकडे परत निघालं आहे. उद्याच्या फेरीची तयारी.

मघाची फोनवाली मावशी आपली पाटी घेऊन टेम्पोशी उभी आहे. मी बांगडे मागतो. ती कल्ले उघडून लालभडक रंग दाखवते, मी न विचारता. भाव करायला तिला वेळ नाही. दापोलीचा बाजार उठायच्या आत पोचायचं आहे. टेम्पोवाला हॉर्न देतो. मी पाचशेची नोट पुढे करतो. ‘‘सुट्टे कुठले आता? दोन बांगडे जास्त घे, दादा,’’ म्हणत ती नोट परत करते, माझ्या पाकिटातले शंभर-शंभर बोटानं मोजून घेते, पाटी वर ढकलते आणि मागच्या फळीवर पाय ठेवून चढते.