तव्याआधीचं मुरवण

मुरवण म्हणजे शिजवण्याआधी मटण-चिकनला मीठ, आंबट, तेल आणि मसाला चोळून ठेवणं. घरोघरी म्हणतात, ‘लावून ठेवणं’.

• मीठ सगळ्यात आत जातं आणि मांसातलं पाणी धरून ठेवतं. हळद, तिखट, लसूण वरच्या थरातच राहतात, म्हणून तुकडे लहान करावेत किंवा चिरा द्याव्यात.

• दह्यातलं लॅक्टिक आम्ल सौम्य. लिंबू तीव्र, फार वेळ राहिल्यास चिकन वरून भुसभुशीत होतं.

• कच्ची पपई: पपेन हे विकर प्रथिनांचे धागे तोडतं. थोडी पुरते, जास्त झाली की लगदा.

• वेळ: मासे 15-20 मिनिटं, चिकन 2-4 तास, मटण रात्रभर, फ्रीजमध्येच, 5 अंश सेल्सियसखाली.

मटणासाठी उस्मानाबादी शेळी: धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नावाची जात. रंग बहुधा काळा. मांस आणि दूध दोन्हींसाठी पाळतात. कोरडवाहू मुलखात तग धरते, जुळी करडं नेहमीची. जून बकऱ्याचं मटण नुसत्या मुरवणाने तव्यावर मऊ होत नाही. ते आधी हळद-मिठात शिजवतात, ते बिनमसाल्याचं ‘अळणी’ पाणी रश्श्याला ठेवतात आणि मग तव्यावर परततात. काळीज मात्र थेट तव्यावर, मोजकी मिनिटं.

तवा: जाड, लोखंडी, चांगला तापलेला. खरपूसपणा साधारण 140 अंशांपुढे येतो. ओलं मुरवण तापमान उतरवतं, म्हणून जादा दही निपटून घ्यावं. काळा मसाला आधीच भाजलेला असतो, लवकर करपतो, तो शेवटी. चिकन आतून 74 अंशांना पोहोचायला हवं. उरलेलं कच्चं मुरवण खळखळून उकळल्याशिवाय वापरू नये.