उकळायचं नाही, ओतायचं

कॉफी उकळायची नाही, हा पोअर-ओव्हरचा पहिला नियम, आणि चहावर वाढलेल्या मराठी घराला तोच सगळ्यात जड जातो. आपली घरची कॉफी दुधात शिजते, साखर सढळ हाताने पडते, वरून जायफळ किसलं की झाली. जागरणाच्या रात्री तिला तोड नाही. पोअर-ओव्हरमध्ये दूध नाही आणि आचही नाही. कागदात दळलेली कॉफी, वरून गरम पाणी, खाली कप. एवढ्याशा गोष्टीचं अलीकडे इतकं अवडंबर माजलंय की लाकडी स्टँड, बाकदार तोटीची किटली आणि काचेचा थाट पाहून माणूस लांबूनच नमस्कार करतो. पैसे घालायचेच तर एका ठिकाणी घालावेत, आणि ते ठिकाण म्हणजे ग्राइंडर. बाकी सगळं नंतर.

या प्रकाराची सुरुवातही थाटाची नव्हती. जर्मनीत ड्रेस्डेनला राहणाऱ्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कपाच्या तळाशी साचणारा चोथा आणि त्याचा कडवटपणा नकोसा झाला होता. तिने पितळी भांड्याला भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टिपकागद आत घातला. 1908 मध्ये तिने या फिल्टरची नोंदणी केली आणि त्याच वर्षी कंपनीही काढली. पुढे 1941 मध्ये पीटर श्लुमबोम या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतल्या काचपात्रावरून केमेक्स बेतलं. ते आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. आपल्याकडे जो शंकूसारखा ड्रिपर जास्त दिसतो, तो हारिओ या जपानी कंपनीचा व्ही-60. तीही मुळात प्रयोगशाळेची काच बनवणारी. नावातला 60 हा शंकूच्या कोनाचा आकडा. घ्यायचा तर प्लास्टिकचा घ्या. दिसायला सामान्य, पण चिनीमातीच्या ड्रिपरसारखा तो पाण्यातली उष्णता शोषून घेत नाही, आणि पडला तर फुटत नाही.

आता कागदात नेमकं काय होतं ते पाहू. कॉफीच्या बीमधला साधारण 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा कपात यावा असं कुणालाच वाटत नाही. अमेरिकेत 1950 च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने जो हिशेब मांडला, तो आजही चालतो: 18 ते 22 टक्के निघाले की कॉफी जमली. म्हणजे 15 ग्रॅम कॉफीतून कपात उतरतात जेमतेम तीन ग्रॅम. बाकीचं पाणीच. आंबट चवीचे घटक आधी सुटतात, गोडवा त्यांच्यामागून येतो, कडू आणि तुरट सगळ्यात शेवटी. कमी निघालं तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, जास्त निघालं तर कडू आणि जिभेला कोरड आणणारी.

दळण महत्त्वाचं ते यासाठी. घरच्या मिक्सरमध्ये बिया फिरवून पाहा आणि तो भुगा पांढऱ्या कागदावर पसरा. पिठीही दिसेल आणि अर्ध्या तुटलेल्या बियाही. पिठीतून कडवटपणा येतो, तुकड्यांतून आंबटपणा, आणि एकाच कपात दोन्ही खोड्या एकत्र नांदतात. हाताने फिरवायचा साधा बर ग्राइंडर बिया दोन दात्यांमध्ये भरडतो, त्यामुळे कण बऱ्यापैकी एकसारखे पडतात. तो घेईपर्यंत मिक्सर थांबवत थांबवत चालवा, मधूनमधून भांडं हलवा आणि पिठी बारीक चाळणीने काढून टाका. थोडी कॉफी वाया जाते, पण कप सुधारतो. चिमटीत घेतल्यावर कण सुटे जाणवले पाहिजेत.

माप एका कपाचं: 15 ग्रॅम कॉफी, 250 ग्रॅम पाणी. दोन्ही वजनाने, चमच्याच्या मापावर भरवसा नको. कागद ड्रिपरमध्ये बसवून आधी गरम पाण्याने धुऊन घ्यायचा, म्हणजे कागदाचा वास जातो. ते पाणी फेकायचं. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबलं की पुरे, 92 ते 96 अंश. महाबळेश्वरला असाल तर थांबूही नका, तिथे पाणी उकळतंच त्या सुमाराला.

आधी फक्त 40 ग्रॅम पाणी. कॉफी ताजी असेल तर भुगा फुगून वर येतो, त्यावर बारीक बुडबुडे फुटतात आणि स्वयंपाकघरभर वास पसरतो. भाजताना बीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तो आत असेपर्यंत पाणी कणांत नीट शिरत नाही. तीस-चाळीस सेकंद द्या. मग उरलेलं पाणी दोन-तीन टप्प्यांत, मध्यापासून बाहेर गोल फिरवत, सावकाश. एका जागी धार धरली तर सरीचा बांध फुटावा तसं पाणी तिथूनच धावतं आणि बाकीची कॉफी कोरडी राहते. बाकदार तोटीची किटली उपयोगी पडते ती इथे, पण निमुळत्या तोंडाच्या भांड्यानेही हात बसतो. सगळं पाणी उतरायला तीन मिनिटांच्या आसपास लागावीत. दोन मिनिटांत उतरलं तर दळण बारीक करा, चार मिनिटं उलटली तर जाड. एका वेळी एवढाच एक बदल करायचा.

एवढं करूनही चव बोथट लागली तर संशय पाण्यावर घ्या. बोअरवेलच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतात आणि फळासारखी चव नाहीशी होते. उलट काही आरओ यंत्रं पाण्यातले क्षार इतके काढतात की कॉफी निर्जीव लागते. माठातलं किंवा साध्या फिल्टरमधलं धरणाचं पाणी बहुतेकदा बरं.

बिया चिकमगळूर किंवा कोडगूच्या सहज मिळतात. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तीच घ्या. भाजून आठवडा ते महिना झालेली कॉफी उत्तम. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, डबा घट्ट लावा. दुकानातली तयार फिल्टर कॉफी पावडर मात्र इथे आणू नका. तीत बहुधा चिकोरी असते, कायद्याने 49 टक्क्यांपर्यंत चालते आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. ती पावडर दळलेलीही बारीक असते. कागद तुंबतो आणि कॉफी ठिबकत बसते. तिची जागा पितळी किंवा स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये. कागदाचा आणखी एक गुण डॉक्टरांना आवडतो: कोलेस्टेरॉल वाढवणारं कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य तो बरंचसं अडवतो.

राहता राहिलं दूध. पोअर-ओव्हरमध्ये ते घातलं की कॉफी पाणचट होते, कारण मुळातच ती पातळ. घालायचंच असेल तर पाणी 150 ग्रॅमवर आणा, भाजणी गडद घ्या आणि दूध वेगळं गरम करून वरून ओता. जायफळही मग चालेल.