कारवानी कुत्रा: बांधा, काम आणि नावाचा तंटा

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेस जामनेर, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यात बंजारा समाजाचे अनेक तांडे वसलेले आहेत, आणि दख्खनच्या उंच, सडपातळ शिकारी कुत्र्याला ‘कारवानी’ हे नाव ज्या लमाणी काफिल्यांवरून पडले असे मानले जाते, ते काफिले याच समाजाचे होते. त्यांचा विस्तार केवढा असे, हे पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाच्या नोंदीवरून कळते, कारण १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात त्याला धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा आढळला होता. १८६० च्या दशकात खानदेशातून लोहमार्ग गेला, पुढे बैलांच्या पाठीवरचा दूरचा व्यापार आटला आणि तांडे स्थिरावले. कुत्रा राहिला, पण ज्या फिरत्या जीवनाने त्याला घडवले ते राहिले नाही.

कारवानी हा दृष्टिश्वान आहे, म्हणजे वासाच्या मागावर न जाता सावज नजरेने टिपून मोकळ्या माळावर त्याला धावून गाठणारा कुत्रा. त्याची खोल छाती हृदयाला व फुफ्फुसांना जागा देते. कमरेचा किंचित उंचावलेला भाग आणि आत ओढलेले पोट यांमुळे भरधाव धावताना पाठ आखडून पुन्हा ताणली जाते, मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात आणि एका झेपेत चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात. आखूड केस व पातळ कातडी जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्याच्या कामी येतात. कानांना व शेपटीला केसांची झालर असणाऱ्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात. सारांश, या कुत्र्याची ठेवण शोभेसाठी कोणी ठरवलेली नाही, ती कामातून उतरलेली आहे.

अशी ठेवण कागदावर उतरवली की तिला जातिमानक म्हणतात, म्हणजे उंची, डोके, दात, पाय, चाल यांचे असे लेखी वर्णन की ज्यावरून प्रदर्शनातला परीक्षक निवाडा करतो. मानक आले की काम मागे पडते, या तक्रारीचा सर्वांत बोलका इतिहास इंग्लंडमधील टेरियरांचा, अर्थात बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढणाऱ्या छोट्या कुत्र्यांचा आहे. डेव्हन परगण्यातील पाद्री जॉन रसेल याने ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना १८१९ मध्ये एका दूधवाल्याकडून ‘ट्रंप’ नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून आपला वंश उभा केला. गंमत अशी की १८७३ मध्ये स्थापन झालेल्या केनेल क्लबच्या आद्य सभासदांत तो होता आणि फॉक्स टेरियरचे मानक लिहिण्यासही त्याने हातभार लावला, तरी स्वतःचे कुत्रे मात्र त्याने प्रदर्शनात उतरवले नाहीत. त्याच्या परंपरेतले लोक आजही टेरियरची छाती खांद्यामागे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावते का, हे पाहतात, कारण बिळाची रुंदी कोल्ह्याच्या अंगाएवढीच असते. १९९० मध्ये केनेल क्लबने या कुत्र्याला मान्यता दिली, तेव्हा १९७४ पासून वेगळी नोंदवही राखणाऱ्या कामकरी टेरियरवाल्यांच्या क्लबने त्याला विरोध केला. एका कुत्र्याचे दोन गट झाले, आणि पुढे नावेही वेगळी झाली.

दख्खनमध्ये नावाचाच तंटा झाला, कामाचा झालाच नाही. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली व एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांना भेट दिली, तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. या भेटीचे वर्ष सांगणाऱ्यांनी सैल ठेवले आहे; पंचम जॉर्ज यांची कारकीर्द १९१० ते १९३६ अशी असल्यामुळे ती बादशहांनाच दिली असेल, तर या सव्वीस वर्षांच्या आतली ठरते. पुढे केनेल क्लब ऑफ इंडियाने कुत्र्याची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून केली, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबने ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. टपाल खात्याने २००५ मध्ये तिकीट काढले ते मुधोळच्या नावाने, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने जात म्हणून नोंदही मुधोळचीच, कर्नाटकाच्या खाती केली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले, २०१६ मध्ये मीरतच्या लष्करी केंद्रात या जातीचे प्रशिक्षण सुरू झाले. संस्थानाचे नाव कुत्र्याला लाभले ते राजाश्रयामुळे; ज्यांनी तो तांड्यांत आणि मेंढरांच्या वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला त्यांच्या वाट्याला नोंदवही आली नाही, आणि हा न्याय म्हणता येत नाही.

तरीही नावापेक्षा गंभीर प्रश्न कामाच्या परीक्षेचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, काळवीट यांच्यामागे कुत्रे सोडणे गुन्हा ठरले, आणि ते योग्यच झाले. इंग्लंडमध्येही २००५ पासून शिकारबंदीचा कायदा लागू आहे आणि टेरियरला बिळात सोडण्याची मुभा फारच मर्यादित उरली आहे. काम बंद झाल्यावर दोन मोह उरतात. एक, प्रदर्शनासाठी उंची आणि बारीक अंगकाठी वाढवत नेण्याचा. दुसरा, शर्यतीतल्या वेगासाठी ग्रेहाउंडशी संकर करण्याचा. ग्रेहाउंड थोड्या अंतरावर वेग देतो, कारवानीचे मोल मात्र उन्हात, ढेकळांत, लांबवर टिकून धावण्यात आहे, म्हणून संकराने जिंकलेली शर्यत वंशाच्या दृष्टीने हार असते.

यावर उपाय परदेशांत रुळलेला आहे: यंत्राने ओढलेल्या कापडाच्या तुकड्यामागे, वळणे घेत, कुत्रे धावतात आणि वेगाबरोबर चपळाई, दम व चिकाटी यांनाही गुण मिळतात, यात जिवंत सावज नसते. भारतातल्या दोन्ही केनेल क्लबांनी कारवानीच्या नोंदीत अशा धावेचा निकाल आणि पायांच्या तळव्यांची स्थिती यांचा रकाना घालावा, आणि ज्यांच्या दाराशी आजही हा कुत्रा आहे त्यांनी निदान आई, बाप, जन्मतारीख आणि गाव एवढे वहीत लिहून ठेवावे.