पौंडाच्या बाटलीची पोटभर गोष्ट

कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर सकाळी सातला एक फेरी मारा. लाकडी टेबलाच्या टोकाला दोन चुलींची शेगडी, तिच्या कुशीत खोचलेली हिरवी बाटली, आणि आपल्यापैकी कुणी मुक्कामाला असेल तर कढईत तडतडणारी मोहरी. पोहे होतात, चहा होतो, दुसरा चहा होतो. संध्याकाळी खिचडी आणि पापड. मग ज्योत लहान होत होत विझते आणि बाटली निघते कचऱ्याच्या डब्याकडे. पोलादाची, झडप बसवलेली, रंग दिलेली, धडधाकट बाटली!

या बाटलीने मला वेड लावलं ते इथूनच.

तिचं नाव एक पौंडाची बाटली. आत प्रोपेन असतो १६.४ औंस, म्हणजे ४६५ ग्रॅम. आणि नुसत्या बाटलीचं वजन? चारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जवळपास गॅसइतकंच पोलाद आपण विकत घेतो, आणि टाकूनही देतो. शेगडीच्या दोन्ही चुली पूर्ण मोठ्या ठेवल्या तर एक बाटली साधारण तासाभरात संपते. उत्तर अमेरिकेत दरवर्षी अशा चार कोटी बाटल्या खपतात असा अंदाज आहे. त्याच अमेरिकेत घरामागच्या बार्बेक्यूला लागणारी मोठी टाकी मात्र पुन्हा पुन्हा भरून मिळते. तिच्यात नऊ किलो गॅस मावतो. ओळीने एकोणीस लहान बाटल्या मांडा, तेवढा. आणि ती भरायला लागणारे पैसे तीन-चार लहान बाटल्यांच्या किमतीत निघतात. महाग असते ती बाटली. गॅस स्वस्तच आहे.

मग लहान बाटली भरायची का नाही? उत्तर तिच्या पोटावरच छापलेलं असतं: पुन्हा भरू नका, स्फोट होऊ शकतो, पुन्हा भरलेली बाटली वाहून नेली तर पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. वाचून पोटात गोळा येतो, पण त्यामागे कारण आहे. ही बाटली डॉट-३९ या नियमानुसार बनते, आणि तो नियम एकदाच वापरायच्या बाटल्यांचा आहे. पत्रा पातळ, झडप साधी, आणि कारखान्यातून निघाल्यावर पुन्हा तपासणी कधीच नाही. बाजारात पाच-दहा डॉलरचं पितळी जोडकाम मिळतं, ते लावून अनेक लोक हीच बाटली मोठ्या टाकीवरून भरतात. भरते, यात शंका नाही. पण झडप एकदा नीट बसेनाशी झाली की शेगडीवरून काढल्यावरही बाटली सुसू करत राहते, आणि ती असते गाडीच्या डिकीत, मुलांच्या पाठीमागे. मी हे कुणाला सुचवणार नाही.

खरी गंमत दुसऱ्या बाटलीत आहे. उंची तीच, आटे तेच, शेगडी तीच, फक्त पत्रा जाड आणि झडप पुन्हा भरण्यासाठी घडवलेली. ती माझ्या बहिणीच्या घरी पाहिली.

परसातला तराजू

भावजींनी मोठी टाकी लोखंडी घोडीवर उलटी टांगली होती. उलटी का? टाकीत खाली द्रव असतो आणि वर वायू. आपल्याला उतरवायचा असतो द्रव. लहान बाटली रात्रभर फ्रीझरमध्ये होती, बाहेर काढल्यावर तिच्या अंगावर पिठासारखं हिम धरलं. यामागचं शास्त्र मला फार आवडतं. एकवीस अंश तापमानाला प्रोपेनचा दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तिपटीहून जास्त असतो, आणि उणे अठरा अंशाला तो बराच खाली येतो. म्हणजे एका बाजूला कोमट टाकी, दुसऱ्या बाजूला गार बाटली. पंप नाही, मोटर नाही, द्रव आपल्या पायांनी चालत जातो.

आटे फिरले, टाकीची झडप उघडली, आणि नळीतून झरझर आवाज आला. बाटलीच्या खांद्यावर एक बारीक स्क्रू आहे, तो भावजींनी पेचकसाने अर्धा वेढा सैल केला. तिथून आधी नुसती फुंकर निघत होती. मिनिटभराने त्या फुंकरीत पांढरा फवारा दिसला आणि भावजींनी लगेच स्क्रू आवळला. पांढरं दिसलं म्हणजे द्रव त्या पातळीपर्यंत चढला. त्यांच्या हातात जाड मोजे होते, कारण तो फवारा बोटावर पडला तर कातडी भाजल्यासारखी होते.

"भावजी, अजून जागा आहे की आत!"

"ती जागा ठेवायचीच असते. तराजू आण."

रिकाम्या बाटलीचं वजन खडूने लिहून ठेवलेलं होतं. त्यात ४५४ ग्रॅमची भर, पुढे एक ग्रॅम नको. जास्त झालं तर मोकळ्या हवेत तेवढा गॅस सोडून द्यायचा. तराजूवर बाटली बसली तेव्हा अख्खं घर गप्प होतं.

ही रिकामी जागा म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा प्राण. पाणी पंधरा अंशांवरून चाळीस अंशांवर गेलं तर एक टक्कादेखील फुगत नाही. द्रव प्रोपेन तेवढ्यातच आठ-नऊ टक्के फुगतो. काठोकाठ भरलेली बाटली उन्हात गाडीत राहिली तर फुगलेल्या द्रवाला जायला जागाच नसते, आणि द्रव दाबला जात नाही. म्हणून ऐंशी टक्क्यांना थांबायचं. अमेरिकेतल्या मोठ्या टाकीच्या गळ्याशी दोन आकडे ठोकलेले असतात, एक रिकाम्या टाकीचं वजन आणि दुसरा आत मावणाऱ्या पाण्याचं वजन. पाण्याच्या आकड्याचे बेचाळीस टक्के काढले की गॅसचं वजन मिळतं. ४७.६ पौंड पाण्याची टाकी, त्याचे बेचाळीस टक्के वीस पौंड, म्हणून तिचं नाव वीस पौंडाची टाकी. एवढं साधं गणित, आणि किती जणांचे प्राण त्यावर टिकून आहेत! मोठ्या टाकीची मूठ तिकोनी असते तेही उगाच नाही. आत तरंगणारा गोळा बसवलेला असतो, ऐंशी टक्क्यांना तो वाट बंद करतो. असा गोळा आत आहे याची खूण म्हणून मूठ तिकोनी. लहान बाटलीत हा गोळा नाही. तिथे तराजू आणि डोळे.

गिधाडांनी शोधलेली गळती

प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो सडक्या कोबीसारखा वास इथिल मर्कॅप्टनचा, मुद्दाम मिसळलेला. १८ मार्च १९३७ ला टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत नैसर्गिक वायूची गळती झाली, वास नसल्यामुळे कुणालाच कळली नाही, आणि स्फोटात जवळपास तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर टेक्ससने वास मिसळणं सक्तीचं केलं. त्याच दशकात कॅलिफोर्नियात तेल कंपनीच्या माणसांना एक विलक्षण गोष्ट दिसली. वाहिनीत असा वास सोडला की गळती असेल तिथे आकाशात टर्की गिधाडं घिरट्या घालायची. कुजणाऱ्या मांसातही हाच पदार्थ असतो, त्यामुळे गिधाडांना वाटायचं जेवण वाढलंय. आपल्याकडची गिधाडं मेलेलं जनावर डोळ्यांनी हेरतात, नाकाने नाही. त्यामुळे हे काम त्यांना जमलं नसतं.

वास आला नाही तरी एक लक्षात असू द्या: प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. तो जमिनीलगत पसरतो, खळग्यात साठतो. म्हणून बाटली भरायची ती उघड्यावर, आणि तंबूत शेगडी पेटवायची नाही. तंबूत दुसरा धोका जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा, आणि त्याला तर वासच नाही.

हवाईजहाज जळालं, चूल पेटली

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट ब्राझीलची. १९३०च्या दशकात जर्मनीची झेपेलिन हवाईजहाजं रेसिफे आणि रिओला नियमित जायची, आणि त्यांच्यासाठी तिथे गॅसचे सिलिंडर साठवलेले असायचे. ६ मे १९३७ ला अमेरिकेत लेकहर्स्टला हिंडेनबर्ग जळालं आणि ही वाहतूकच संपली. सिलिंडर पडून राहिले, सुमारे सहा हजार. ऑस्ट्रियातून ब्राझीलला आलेल्या एर्नेस्तो इगेल यांनी ते विकत घेतले आणि घरोघरी स्वयंपाकाचा गॅस पोचवायला सुरुवात केली. तीच कंपनी पुढे अल्ट्रागॅझ झाली. आकाशातल्या जहाजाचं इंधन लाकूड-कोळशाच्या चुलींना मिळालं!

पेनसिल्व्हेनियाच्या कच्च्या तेलात प्रोपेन आहे हे १८६४ मध्ये एडमंड रोनाल्ड्स या रसायनशास्त्रज्ञाला आढळलं. तो उपयोगाचा कसा झाला त्याची सुरुवात १९१०ची. पिट्सबर्गमध्ये एका गाडीवाल्याने तक्रार केली की पेट्रोल नुसतं ठेवल्या जागी उडून जातं. रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनी ते काचेच्या बरणीत घेतलं, तर बूच सारखं उडत होतं. उडून जाणारा तो वायू पकडून पोलादात बंद करायचा, हे त्यांना सुचलं.

गार हवेत कोण टिकतं

प्रोपेन उणे बेचाळीस अंशांपर्यंत उकळतो. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच हार मानतो. म्हणूनच बर्फात कॅम्प करणारे प्रोपेन घेतात. सह्याद्रीत आपण नेतो त्या चपट्या डब्यांत बहुतेकदा ब्युटेनचं मिश्रण असतं. राजमाचीला मजेत चालतं, पण जानेवारीत हरिश्चंद्रगडावर पहाटे चहा ठेवला की ज्योत मरगळते. कारण जळताना द्रवाचा वायू होतो, त्यासाठी लागणारी ऊब डब्यातूनच खेचली जाते, आणि डबा भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. उपाय मुरलेल्या ट्रेकरना ठाऊक आहे: डबा रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचा, आणि चहाच्या वेळी ताटलीभर कोमट पाण्यात उभा करायचा. आगीजवळ नाही, उकळत्या पाण्यात नाही. कोमट.

बाटलीत गॅस किती उरलाय ते दाबावरून कळत नाही, शेवटच्या थेंबापर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. वजन करा, नाहीतर कुशीवर कोमट पाणी ओतून हात फिरवा. द्रव आहे तिथपर्यंत पोलाद गार लागतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरवरही हे चालतं.

आपल्याकडे सिलिंडर टाकून द्यायची पद्धत कधी रुजलीच नाही, याचा मला मनापासून अभिमान आहे. १९५५ मध्ये मुंबईत बर्मा शेलने बर्शेन गॅस आणला तेव्हापासून रिकामा द्या, भरलेला घ्या. गळ्यावरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि वर्ष असतं. ती तपासणीची तिमाही. पाच किलोचा छोटू पेट्रोल पंपावरही बदलून मिळतो. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात घरी गॅस उतरवायला मात्र कायद्याने मनाई आहे. सिलिंडरचे नियम सांभाळणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आहे आपल्या नागपुरात.

कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला: १ जानेवारी २०२८ पासून तिथे एकदाच वापरायच्या पौंडी बाटल्या विकता येणार नाहीत. कारण कचऱ्याच्या गाडीत दाबल्या जाताना उरल्यासुरल्या गॅसचा स्फोट होतो, आणि कचरा उचलणारी माणसं जखमी होतात. योसेमिटीसारख्या उद्यानांत या बाटल्यांसाठी वेगळे डबे ठेवावे लागतात.

बहिणीकडची बाटली आम्ही त्या शनिवारी योसेमिटीला नेली. तिच्या बुडाशी भावजी दर भरणीला खडूने एक रेघ ओढतात. परत आल्यावर त्यांनी ओढली ती अकरावी.