सायकलस्वाराच्या हाताचें दुखणें

परभणी जिल्ह्यांत सायकल हें अद्यापि अनेकांच्या निर्वाहाचें वाहन आहे. पहांटे दुधाच्या बरण्या अडकवून निघालेला गवळी, दारोदार वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा, थापी-ओळंबा पिशवींत घालून कामावर जाणारा गवंडी, हे तिच्याच भरंवशावर घर चालवितात. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांत, शाळेपासून पांच किलोमीटरच्या आंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना झाली आणि मराठवाड्यांतील खेड्यांच्या वाटांवर मुलींच्या सायकली दिसूं लागल्या. शहरांतहि, डॉक्टरांनीं व्यायाम सांगितला म्हणून पन्नाशी उलटलेले गृहस्थ सकाळीं सायकलीवरून फेरी घालूं लागले आहेत. ह्या सर्वांच्या गरजा निरनिराळ्या. परंतु एक तक्रार समान आढळते. घरीं पोंचल्यावर मनगट ठणकतें, करंगळीस मुंग्या येतात, दंड भरून येतो. सायकल चालवितात पाय आणि दुखतात मात्र हात, हें कोडें उलगडून पाहण्यासारखें आहे.

सामान्यतः लोक ह्या दुखण्याचा दोष हाताला देतात. हात नाजूक आहे, संवय नाहीं, थंडी लागली, अशीं कारणें सांगितलीं जातात आणि तेल चोळून मनगटाला फडकें बांधलें जातें. वस्तुतः हात हा येथें बहुधा निरपराध असतो. ज्या ओझ्यासाठीं तो निर्माण झालेला नाहीं, तें ओझें त्याच्यावर येऊन पडतें. सायकलीवर बसलेल्या माणसाचें वजन सीट, पायडल आणि हँडल अशा तीन ठिकाणीं वांटलें जातें. पैकीं पहिल्या दोहोंनीं बहुतेक सर्व भार वाहावा आणि हँडलनें केवळ दिशा द्यावी, हा निरोगी हाताचा नियम होय. हा नियम मोडला कीं दुखणें सुरू होतें. आणि तो कोठें मोडला हें शोधून काढलें, तर निम्मा उपचार तेथेंच होतो.

हें दुखणें सायकलीइतकेंच जुनें आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत लांकडी चाकांस लोखंडी धांवा मारलेल्या ज्या सायकली निघाल्या, त्यांना लोकांनीं हाडें खिळखिळीं करणारें यंत्र असेंच नांव दिलें होतें. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप ह्यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेनें भरलेली रबराची नळी बसविली आणि स्वाराचे हादरे पुष्कळ कमी झाले. तथापि हातावरील दाब त्यानें नाहींसा झाला नाहीं. १८९६ सालींच देस्तो नांवाच्या फ्रेंच वैद्यानें, सायकलीच्या वापरानें करंगळीकडील मज्जातंतु लुळा पडल्याची हकीकत वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केली.

हातांत नेमकें काय बिघडतें, हें समजण्यासाठीं मनगटाची रचना थोडी पाहिली पाहिजे. मनगटांत आठ लहान हाडें असून त्यांच्या पुढच्या बाजूस एक अरुंद बोगदा आहे. त्यांतून बोटें मिटणाऱ्या नऊ शिरा, म्हणजे कंडरा, आणि एक मोठा मज्जातंतु जातो. मनगट फार वेळ मागें मोडलेलें राहिलें, कीं ह्या बोगद्यांतील दाब वाढतो आणि अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू येथें मुंग्या येतात. पुष्कळदां त्या रात्रीं झोंपेंतून उठवितात. दुसरा मज्जातंतु करंगळीच्या बाजूनें, तळहाताच्या टांचेपाशीं, वाटाण्याएवढ्या एका हाडाच्या कडेनें आंत शिरतो. १८६१ सालीं फ्रेंच शल्यवैद्य गीयाँ ह्यांनीं ह्या वाटेचें वर्णन केलें. येथें मज्जातंतूवर स्नायूंची जाड गादी नसते. म्हणून हँडलवर तळहाताची टांच रेंटून बसणाऱ्याच्या करंगळीस व अनामिकेच्या उरलेल्या अर्ध्या बाजूस बधिरता येते. सायकलस्वाराचें खास दुखणें म्हणून जें ओळखलें जातें, तें हेंच. ह्याखेरीज वारंवार ब्रेक दाबल्यानें वा हँडल घट्ट आवळल्यानें अंगठ्याच्या मुळाशीं कंडरा सुजतात. आणि कोंपर ताठ ठेवल्यास रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट खांद्यापर्यंत व मानेपर्यंत चढतो. कोणतें बोट बधिर होतें, येवढें नीट पाहिलें तरी दाब कोठें पडतो त्याचा माग लागतो.

परभणीकडील रस्त्यांनीं ह्या त्रासांत भर घातली आहे. येथील काळी कापसाची जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. वर्षानुवर्षें हें फुगणें-आकसणें चालल्यानें तिच्यावर बांधलेला रस्ता, पाया पुरेसा पक्का नसेल तर, लाटा उठल्याप्रमाणें वर-खालीं होतो व कडेनें चिरतो. अशा रस्त्यावर स्वार भीतीनें मूठ आवळतो. वैशाखांत घामानें मूठ निसटूं लागली म्हणजे ती अधिकच आवळली जाते. आवळलेला हात हादरा झेलीत नाहीं. तो पुढें ढकलतो.

प्रतिबंधाचा आरंभ सीटपासून करावा. भार हातावर पडतो कीं नाहीं, ह्याची एक सोपी परीक्षा आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर सावकाश जातांना हात जागच्या जागीं ठेवून पकड क्षणभर सैल करावी. धड आपल्या बळावर तोललें तर ठीक. पुढें कोसळूं लागलें तर भार हातांवर आहे असें समजावें. पुष्कळदां सीटचें नाक खालीं झुकलेलें असतें आणि स्वार नकळत पुढें घसरत राहतो. मग त्याला हातांनीं स्वतःस मागें रेंटावें लागतें. सीटवर लांब फूटपट्टी ठेवून तें जमिनीशीं समांतर करावें. उंची अशी असावी कीं पायडल अगदीं खालीं असतां त्यावर टांच टेकली, तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. त्याहून सीट फार उंच असेल तर शरीर हँडलवर ओणवें होतें.

त्यानंतर हँडल. जुन्या काळ्या सायकलीचें हँडल स्वाराकडे वळलेलें व उंच असे. त्यामुळें पाठ ताठ राही आणि मनगट सरळ रेषेंत येई. हल्लीं मुलें ज्या आडव्या, सरळ दांड्याच्या सायकली पसंत करतात, त्यांत धड पुढें झुकतें व तळहातावर जोर येतो. अशा वेळीं हँडल निदान सीटच्या उंचीइतकें वर घ्यावें. साध्या सायकलींत वरचा बोल्ट पान्यानें सैल करून, त्यावर लांकडी ठोकळ्यानें हलकेंच ठोकलें, म्हणजे दांडा वर सरकतो; मात्र दांड्यावर जी मर्यादेची खूण असते ती बाहेर दिसूं देऊं नये, नाहींतर हँडल निखळून अपघात होईल. मूठ धरली असतां कोंपरापासून बोटांच्या मुळापर्यंत हात एका रेषेंत राहील, अशा बेतानें ब्रेकचे दांडे फिरवून घ्यावे. कडक झालेल्या, गुळगुळीत रबरी मुठी बदलाव्या. त्यांची किंमत थोडी आणि उपयोग मोठा. टायर दगडासारखा कडक भरूं नये व बसकाहि ठेवूं नये. त्याच्या कडेवर छापलेल्या मर्यादेंत, खराब रस्त्यासाठीं थोडी कमी हवा ठेवावी. हँडलच्या मानेंतील छर्रे झिजून खडखडत असतील तर तेहि बदलून घ्यावे.

ओझें हँडलला अडकविण्याची संवय सर्वांत घातक. पिशवी वा बरणी हेलकावे खाते आणि प्रत्येक हेलकावा मनगटास सांवरावा लागतो. पाठीवरचें जड दप्तरहि धड पुढें झुकवून तोच परिणाम करतें. ओझ्याची जागा मागच्या कॅरिअरवर, घट्ट बांधून, ही होय. वडिलांची मोठी सायकल मुलाला देणाऱ्या घरांनींहि विचार करावा. दांड्याखालून पाय घालून कैंची चालविणाऱ्या मुलाचा अर्धा भार हातांवरच लोंबत असतो.

आतां चालविण्याची रीत. कोंपरें थोडीं वांकलेलीं असावीं; तीं स्प्रिंगप्रमाणें हादरा गिळतात. मूठ किती घट्ट असावी, हें भाकरी थापणाऱ्या गृहिणीस विचारावें: ज्वारीच्या पिठाचा उंडा ती पडूं देत नाहीं, पण चिरडीतहि नाहीं. दर कांहीं मिनिटांनीं हातांची जागा बदलावी आणि सुरक्षित रस्ता पाहून एकेक हात खालीं सोडून बोटें उघडावीं-मिटावीं. खड्डा समोर दिसतांच पायडलांवर किंचित उठावें, म्हणजे धक्का पायांनीं झेलला जातो. लांब अंतर एकदम वाढवूं नये. पोट व पाठ दुर्बळ असली कीं धड हातांवर रेलतें. म्हणून त्यांस बळ देणारा व्यायाम हाच हाताचाहि व्यायाम होय. सूर्यनमस्कार ह्या दृष्टीनें उत्तम; परंतु मनगट दुखत असेल तोंवर, तळहातावर भार येत असल्यामुळें, ते बंद ठेवावे.

दुखणें सुरू झालेंच, तर कांहीं दिवस सायकल बंद किंवा निदान कमी करावी. ताज्या सुजेवर फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटें ठेवावा. आखडलेल्या दंडास व खांद्यास कोंबट शेक बरा वाटतो. बधिर झालेल्या जागीं जोरानें चोळूं नये. जो मज्जातंतु दाबानें दुखावला त्यावर आणखी दाब देणें शहाणपणाचें नव्हे. रात्रीं मुंग्या येत असतील तर मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोंपावें. ठणका उतरल्यावर मनगट चारी दिशांना सावकाश फिरवावें व खांदे गोल फिरवावे. वेदनाशामक गोळ्या मनानें दीर्घकाळ घेऊं नयेत. पोटास व मूत्रपिंडास त्यांचा उपद्रव होतो.

येथवरचें सारें घरचें काम झालें. कांहीं लक्षणांत मात्र घरगुती उपायांवर विसंबून राहणें महाग पडतें. विश्रांति घेऊनहि बधिरता दोन आठवडे टिकली, बटण लावतां येईना, पेन वा कुलुपाची किल्ली धरवेना, अंगठा व तर्जनी ह्यांमधील मांसल भाग खोलगट दिसूं लागला, तर विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें. एक परीक्षा घरीं करण्यासारखी आहे. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनींत एक कागद धरून तो दुसऱ्यास ओढावयास सांगावें. निरोगी अंगठा सरळ राहतो. करंगळीकडील मज्जातंतु दुर्बळ असेल तर अंगठा टोंकाच्या सांध्यांत वांकतो. दाब वेळींच काढला तर मज्जातंतु बहुधा पूर्ववत् होतो. स्नायु सुकल्यावर मात्र गेलेली शक्ति पूर्ण परत येईल असा भरंवसा नसतो.

दुसरी सूचना पडण्यासंबंधीं. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशीं मनगटाच्या खळगींत दाबून दुखत असेल, तर तेथील लहान हाड मोडलेलें असूं शकतें. हें मोडणें पहिल्या एक्स-रेंत कधीं कधीं दिसत नाहीं. म्हणून डॉक्टरांनीं दहा-पंधरा दिवसांनीं पुन्हां बोलाविलें तर अवश्य जावें.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. बधिरतेचें खापर प्रत्येक वेळीं सायकलीवर फोडूं नये. मधुमेहानें, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या विकारानें, मानेंतील मणक्याच्या दाबानेंहि हात बधिर होतो. आणि करंगळी बधिर होण्याचें आपल्या देशांत आणखी एक कारण आहे, तें कुष्ठरोग. २००५ सालाच्या अखेरीस भारतानें राष्ट्रीय पातळीवर ह्या रोगाचें प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी आणलें. तरी नवे रुग्ण महाराष्ट्रांत अद्यापि आढळतात. कातडीवर फिकट वा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल, किंवा कोंपराच्या आंतल्या बाजूस मागें मज्जातंतु जाड लागत असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रांत दाखवावें. तेथें औषध विनामूल्य मिळतें. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो. लाजेनें वा सायकलीच्या निमित्तानें गेलेले महिने मात्र भरून येत नाहींत.

ज्या मुलीचा उजवा हात मार्चमध्यें तीन तास उत्तरपत्रिका लिहिणार आहे, ज्या गवंड्याची थापी त्याच्या मुठीवर चालते, त्यांच्या दृष्टीनें हें दुखणें किरकोळ नाहीं. एक पाना, एक फूटपट्टी आणि सवडीची पंधरा मिनिटें हाताशीं असलीं, म्हणजे घरांतील जाणत्यानें येत्या रविवारीं अंगणांत उभ्या असलेल्या सायकलीचें सीट प्रथम तपासावें. तेल चोळण्यापूर्वीं करावयाचें काम तें आहे.